अळणी

सोळा तास गाडी चालवून पोहोचलो तेव्हा
गाव कुठे सुरू होतं ते ड्रायव्हरला कळेना.
पाटी मात्र उभी होती. काराबूल्दुक, लोकसंख्या चार हजार एकशे.
पाटीला काहीच झालं नव्हतं.

माझं काम ठरलेलं: ट्रकवरची भट्टी, पिठाची पोती,
रात्री दोनला कणीक, सहाला पहिली खेप.
पाव आमचा त्राब्झोनचा, जाड पाठीचा, आठवडाभर टिकणारा.
आमच्याकडे तो पोरासारखा कडेवर घेऊन घरी जातात.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी निमूट घेतला.
दुसऱ्या दिवशी एका आजीने तो हातात तोलला आणि विचारलं,
"हा कापायचा कशाने, बाळा? सुरी खाली राहिली."
खाली म्हणताना तिने बोट दाखवलं
तिकडे, जिथे पूर्वी तिसरा मजला होता.

मी पाव लहान केले.

रांगेत एक म्हातारा रोज यायचा,
कोटाच्या बटणाजागी वायरचा पीळ.
पाव घ्यायचा, उलटा करायचा, बुडावर बोटाने टकटक करायचा
आणि कान लावायचा.
त्या दिवसांत कुणी कशाला कान लावला
की आसपासची सगळी माणसं आपोआप गप्प व्हायची,
जेसीबीसुद्धा थांबायचा.
तो मान हलवायचा, पाव बगलेत मारून निघून जायचा.
मग आवाज पुन्हा सुरू.

सहाव्या दिवशी म्हणाला, "मीठ कमी आहे."

राग आला. खोटं कशाला सांगू?
माझं दुकान बंद, ऊल्विये एकटी, गुडघा नारळाएवढा सुजलेला,
फुकटचा पाव, आणि म्हणे मीठ कमी!
सेव्दाकडे गेलो, म्हटलं, आता ह्यांना चवही हवी.
सेव्दा अंकाराची, याद्या करणारी.
यादीतून डोकं वर न काढता म्हणाली,
"हायरुल्ला उस्ता ते. चौकातली बेकरी त्यांची.
दोन्ही पोरं पहाटेच्या पाळीला आत होती.
ते त्या एका दिवशी उशिरा उठले."

मी परत आलो, कणकेची गोळी जिभेवर ठेवली.
मीठ कमी होतं.
घरी मीठ ऊल्विये घालते.
सव्वीस वर्षं मी समजत होतो, पाव माझा आहे.

रात्री दोनला ट्रकच्या पायरीवर कुणीतरी बूट झटकले.
मी बोलावलं नव्हतं.
त्यांनी कोट खिळ्याला अडकवला, बाह्या सारल्या,
काट्याकडे न बघता मीठ टाकलं
आणि मला कोपराने बाजूला केलं,
नव्या पोराला करतात तसं.
मी सरकलो.

कणीक त्यांनी पातळ थापली, लांब ओढली,
दहा बोटांनी खळगे पाडत गेले, भराभर,
जणू हाताला दुसरं काही ठाऊकच नाही.
मध्येच, भट्टीवरची नजर न काढता, म्हणाले,
"यूनुस, फळी दे."

ट्रकमध्ये यूनुस नव्हता.
फळी मी दिली.

त्यांनी घेतली. वळून पाहिलं नाही.
पुढच्या फळीला नाव घेतलं नाही, नुसता हात मागे केला.

सहाला आजीने पाव हातानेच तोडला,
उभ्या उभ्या अर्धा खाल्ला आणि ट्रकच्या आत डोकावून म्हणाली,
"कडा करपल्यात, उस्ता."
"नवी भट्टी आहे," ते म्हणाले. "कळेल तिला."

दुपारी ऊल्वियेचा फोन.
जेवलास का, गुडघा कसा आहे, काय काम देतात.
म्हटलं, फळ्या देतो.
पलीकडे ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग मीच विचारलं, दहा किलोला मीठ किती घालतेस गं?
"एक मूठ," म्हणाली.
"पण माझी. तुझी नाही."