खाडा

महिना संपला तसा रंगनाथ दूधवाला दारात आला.
गुडघ्याला हात लावून पायरी चढला,
कॅन खाली ठेवला, आत मात्र आला नाही.
"घाई नाही साहेब. पण वहिनी एक तारीख चुकवत नव्हत्या."

मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, चष्मा लावला.
एकतीस वर्षं जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये वजनकाट्यावर बसलो मी:
ट्रक भरलेला किती, रिकामा किती,
मधलं वजन लोखंडाचं.
दुधाचा हिशेब मात्र तुझा, सलोमी.
जानेवारीत सात फुल्या तुझ्या हातच्या, निळ्या, घाईतल्या.
बावीस तारखेनंतर काहीच नाही.

"सात खाडे," मी म्हणालो.
रंगनाथ जरा वेळ जमिनीकडं बघत राहिला.
"एक बी नाही साहेब.
पोरीच्या लग्नादिवशी बी दूध घालून मग मांडवात गेलतो.
तुमच्या घरी खाडा नाही."

त्याला सगळे पैसे दिले.
दूध तापत ठेवलं, उतू गेलं.

तू गेलीस त्या दिवशी अकरा दिवसांनी नळ आले होते.
आत पाळकसाहेब वाचत होते,
मागं शाहीनआपा आपले ड्रम भरत होती, न सांगता.
मला पाण्याचाच आवाज ऐकू आला.
नंतर सगळे म्हणाले, ती चांगल्या जागी आहे.
मी मान हलवली.
ही जागा काय वाईट होती?
ही खिडकी, हा चुन्याचा पोपडा,
"काय करायलात तिकडं, चहा गार व्हायला" म्हणणारा तुझा आवाज?

रात्री पुन्हा कॅलेंडर घेतलं मांडीवर.
दिव्याखाली जरा कलतं धरलं
तशी फुली सरळ उभी राहिली.
शेजारी अक्षरं, मुंगीएवढी.
नऊ तारखेला 'शे': शेवंताबाईचं ऑपरेशन.
चौदाला 'प्री': आपल्या प्रीतमची मुलाखत.
एकोणीसला 'ने', हे कोण ते कळलं नाही,
अजून कळलेलं नाही.
सतराला तुझा रिपोर्ट आला होता.
दवाखान्यातून येताना रिक्षात तू मेथीचा भाव काढलास.
त्या चौकोनात तुझं अक्षर असेल म्हणून बघितलं.
'यो' होतं.

यो म्हणजे मी. योना.
नावासारखाच पळणारा,
दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसून घड्याळ बघणारा.
डिसेंबरची पानं उलटली, नोव्हेंबरची. यो. यो.
ऑगस्टपर्यंत मोजलं,
मग मोजायचं सोडून दिलं.

सलोमी, उजेड वगैरे काही पडला नाही.
फ्रिज घरघरत होता, कुंडलिकेकडून कुत्री भुंकत होती.
एवढंच आठवलं, की मित्राच्या कबरीपाशी तो उभा होता
आणि आता याला उठवणार, हे त्याला ठाऊक होतं,
तरी रडला.
हे दर वर्षी कानावर पडायचं,
मी चपला शोधत असायचो.
तरी रडला. त्या रात्री मला तेवढंच पुरलं.
तोंडात पदर नव्हता कोंबायला, उशी घेतली,
आणि पहिल्यांदा वाटलं नाही
की खोलीत मी एकटाच रडतोय.

चारला नळ आले. उठलो.
ड्रम भरले, पाइप भिंतीवरून शाहीनआपाकडं टाकला.
मग फेब्रुवारीचं पान काढून निळं पेन शोधलं.
तुझ्यासाठी लिहायला हात गेला होता,
पण गेलेल्यांसाठी आपण मागत नाही.
आणि तुला आता काय कमी आहे?

एक तारखेला फुली केली. शेजारी 'रं'.
काय बोलायचं ते सुचेना. तू काय बोलायचीस,
कधी विचारलंच नाही मी.
शेवटी म्हणालो, "रंगनाथचा गुडघा."
एवढंच.

आमेन म्हणायचं राहिलं.
ते सकाळी आठवलं, दारात,
पातेलं पुढं धरलं तेव्हा.