निरोप

शनिवारी रत्नागिरीत समुपदेशनाचा वर्ग.
शिरधनकर, बंदरखात्यातून निवृत्त, झाले माझी बायको;
मी त्यांचा नवरा, बोटीवरून नऊ महिन्यांनी परतलेला.
नसलेला पदर त्यांनी खांद्यावर सारखा केला,
कुणी हसलं नाही.
"पोरगा तुम्हाला काका म्हणतो," म्हणाले,
आणि मला पुढचं वाक्य सुचेना.

बाई सांगतात, सल्ला देऊ नका.
गप्प झाले दोघं, तर मनात आकडे मोजा.
आणि निरोप्या होऊ नका. कधीच.

हे लिहून घेताना पेन अडखळलं.
सहा वर्षांची असल्यापासून
स्वयंपाकघर ते पडवी
सतरा पावलांची माझी नोकरी.

रात्री पूर्णगडला आई म्हणाली,
"सांग त्यांना, तिखलं निवतंय."
मी पाटावरून उठले नाही.
"अगो, ऐकलंस ना?"
"तुला काय वाटतं, कुणी सांगावं?"
आईने उलथनं असं धरलं
की मला कोर्सची फी आठवली.

एक. दोन.
खाडीत कुणाचीतरी होडी इंजिन बंद करून आत सरकली.
सात.
तिखल्यावरचा तवंग गोठत चालला.
अकराला बाबा पडवीत खाकरले.
आईने डाव उचलला, परत ठेवला.

वहीत आज एवढंच आहे:
अकरा.