हजेरीपट

हजेरीपटात त्याच्या नावाखाली माझं नाव.
होर्दोबेत्स साबिन, खणकरी, तिसरी पाळी.
मग मी.
अकरा वर्षं त्याच्या नावापुढे हजेरीची खूण,
आणि अकरा वर्षांत तो एकदाही
पिंजऱ्यात उभा राहून खाली आला नाही.

सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना, पक्षाच्या माणसाला,
आणि त्या कारकुनाला, ज्याची पेन्सिल
तिथे जराशी अडायची आणि पुढे जायची.
टोळी आठांची, डबे आठांचे,
फावडी सात.
त्याच्या वाटणीचा कोळसा आम्ही काढला,
आमच्या वाटणीचे गोल त्याने केले.
हिशोब चुकता, असं आम्ही रविवारी म्हणायचो.
सोमवारी जरा हळू म्हणायचो.

पण खेळायचा, हे खरं.
चेंडू यायच्या आधी त्याचा डावा खांदा किंचित पडायचा,
बचावपटू त्या खांद्यामागे जायचा,
आणि साबिन दुसरीकडून निघून गेलेला असायचा,
न सांगता उठलेल्या पाहुण्यासारखा.
शहाऐंशीच्या मार्चमध्ये, घोटाभर चिखलात,
राजधानीच्या संघाला त्याने दोन गोल मारले.
त्याचा बाप कठड्याशी होता,
त्याच तिसऱ्या पाळीतून वर आलेला,
पापण्यांच्या कडा अजून काळ्या.
ओरडायला गेला तर नुसता खोकला आला.
साबिन त्याच्याकडे धावला नाही.
ते मला गोलांपेक्षा जास्त आठवतं.

मग सरकार पडलं, सीमा उघडल्या.
तो बेल्जियमला गेला, तिथून सायप्रसला;
गुडघा तिथेच राहिला.
पत्रं दोन आली. एकात समुद्राचं चित्र,
दुसऱ्यात नुसता बदललेला पत्ता.
इकडे जिऊच्या खोऱ्यात खाणी एकेक तोंड मिटत गेल्या.
शेवटच्या डब्यावर कुणीतरी खडूने फूल काढलं होतं,
तेही बरं जमलं नव्हतं.

आता तो आमच्या चौथ्या विभागातल्या संघाचा प्रशिक्षक,
आणि मी मोजे धुतो, चुन्याच्या रेघा मारतो, जाळी शिवतो.
तो रेघेबाहेर उभा असतो, हात खिशात,
पण चेंडू बॉक्समध्ये आला की खांदा पडतो.
डावाच.
गुडघा मागाहून येतो, कुरकुरत.

राझ्वान नावाचं पोर पुढे खेळतं. हुशार आहे,
मागे परतत नाही.
परवा बरोबरीत असताना साबिनने त्याला बाहेर काढलं.
पोराने बाटली लाथाडली:
तुम्ही कधी मागे धावला होता का?
साबिन म्हणाला, नाही.
आणि बाकावर त्याच्या शेजारी बसून राहिला,
सामना संपेपर्यंत, उघड्या पावसात.

फेब्रुवारीत आम्ही दोघं एकाच बसने
पेन्शनच्या कचेरीत गेलो.
बाईंनी जुना पट काढला, बोट फिरवलं.
होर्दोबेत्स. अकरा वर्षं जमिनीखाली. बरोबर?
मी खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागलो.
ते उत्तर माझं नव्हतं.
"एक दिवसही नाही," साबिन म्हणाला.
बाई म्हणाल्या, कागद तर तसं म्हणत नाही.
कागद कधीच म्हणत नव्हता.
त्यांनी शिक्का मारला. कुठला, ते मी विचारलं नाही.

परतताना बंद खाणीचा मनोरा गेला, तेव्हा त्याने विचारलं,
माझ्या नावाचे रोज किती डबे?
चार, मी म्हणालो. शनिवारी पाच.
पुढे तासभर तो ओठ हलवत काहीतरी मोजत होता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी पोचलो
तर अर्धा बॉक्स मोकळा झालेला,
बाकी सगळीकडे बर्फ,
आणि तो फावडं घेऊन धापा टाकत उभा.
फावडं चुकीचं धरलं होतं.
मी जवळ गेलो, त्याचे हात सरकवले,
एक खाली, एक वर.
असं नाही, म्हटलं. कमरेतून.