शेजार

वाल्दिव्हियात जुलैची रात्र. लाकडाचा धूर
प्रयोगशाळेच्या बंद खिडक्यांतूनही आत येतो,
माझ्या स्वेटरला तर तो उन्हाळ्यापर्यंत सोडत नाही.
पडद्यावर नकाशा उघडा:
तीन लाख ठिपके, एकेक ठिपका एकेक प्रथिन,
आणि नियम एकच,
ज्यांची घडी जुळते त्यांनी जवळ राहायचं.
नावगाव, कूळ, कोण रक्तातला, कोण मुळातला,
नकाशा विचारत नाही.

माउसचं चाक फिरवलं की धुक्याची गावं होतात,
गावांच्या आळ्या, आळ्यांतली घरं.
ठिपक्यावर थांबलं की कोपऱ्यात आकृती उलगडते,
स्वतःभोवती सावकाश फिरते:
कुठे गोल जिन्याची वळणं,
कुठे चपट्या पट्ट्या, इस्त्री करून ठेवल्यासारख्या.
चार वर्षं हेच करते आहे.
प्रबंधाची तीन प्रकरणं अजून बाकी.

नेल्दा कात्रिलेफ साडेनवाला येते, बादली घेऊन.
मला डॉक्टरीणबाई म्हणते; मी दुरुस्त करणं सोडलं आहे.
आज फडकं खांद्यावर टाकून माझ्या मागे उभी राहिली.
हे काय, चांदणं?
नाही, म्हटलं, सोयरीक.

तिने खुर्ची ओढली. बोट थेट पडद्यावर.
हात लावू नका म्हणणार होते,
पण पडदा पुसते तीच.
नारिंगी आळीत दोन ठिपके, भिंतीला भिंत लागून.
मी वाचून दाखवलं:
हे देवमाशाच्या स्नायूतलं,
खोल बुडी मारताना प्राणवायू साठवून ठेवणारं.
आणि हे घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतलं.
दोन्ही धाग्यांची अक्षरं ताडून पाहिली
तर शंभरात जेमतेम पंधरा-वीस जुळतात,
तरी धागा वळतो तसाच,
तीच आठ वळणं, मध्ये तोच खिसा,
खिशात लोखंडाचा एक कण.

इथे मी थांबते. व्याख्यानात इथे लोक
अहाहा म्हणतात.

नेल्दा म्हणाली, दोन्ही लालच असतात की.

तिचा बाप उत्तरेच्या एका बंदरात देवमासे कापायचा.
मांस इतकं लाल की काळं दिसायचं,
त्याचा सदरा आई वेगळ्या पाण्यात धुवायची.
आणि घेवडा उपटला की आम्ही पोरं
मुळांच्या गाठी नखाने फोडायचो.
आत गुलाबी.
जिवंत असेल तोवर गुलाबी, मग हिरवट, मग काही नाही.
तुम्हाला ठाऊक नव्हतं?

ठाऊक होतं.
संदर्भ क्रमांकासकट ठाऊक होतं.
गाठ मात्र एकही फोडली नव्हती.

ती नकाशाच्या काठाकडे सरकली,
जिथे मी सहसा जात नाही.
एक करडा ठिपका, आसपास कोणी नाही.
हा कोणाचा?
माहीत नाही. आकारसुद्धा संगणकाने अंदाजाने काढलेला.
मग तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं,
एखादं पोर बसथांब्यावर एकटं दिसलं
तर पाहतात तसं.
असतील त्याचे, म्हणाली. मोजायचे राहिले असतील.

नंतर फडकं फिरवलं.
तिच्या बोटाचा डाग गेला,
कोपर माउसला लागून नकाशा कुठल्या कुठे गेला,
आणि बादलीचा आवाज जिन्यावरून खाली खाली.
नदीकाठी मासळीबाजारामागे
समुद्रसिंह भुंकत होते.
मी जिथे येऊन पडले होते
त्या आळीचं नाव मला येत नव्हतं.
परत फिरायचं बटण होतं. दाबलं नाही.

डिसेंबरात, उन्हाळा लागताना,
तिने वर्तमानपत्रात गुंडाळून एक रोप आणलं,
मुळांना माती तशीच.
माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या बाजूला ठेवलं.
माती सांडली. ती पुसायला वाकली नाही.
डॉक्टरीणबाई, म्हणाली,
नखं आहेत ना?