पेवाचं तोंड

पहाटे पावणेपाचला मेल आला.
विषयाच्या जागी माझाच पासवर्ड:
सेलम१९९९.
हळदीचं वाण, आणि पेढीवर
पहिला कॉम्प्युटर आला ते साल.

खाली इंग्रजी, वकिलाच्या नोटिशीसारखं ताठ.
तुझ्या मशीनमध्ये मी आठ महिने बसून आहे.
तुझ्याच कॅमेऱ्यातून तुला बघितलंय,
रात्री तू काय बघतोस तेही.
अठ्ठेचाळीस तास. पैसे बिटकॉइनमध्ये.
नाहीतर तुझ्या यादीतल्या प्रत्येकाला व्हिडिओ.

माझ्या यादीत कोण?
दोन अडते, जीएसटीचा माणूस, बस्तीचे ट्रस्टी,
इचलकरंजीच्या विहीणबाई,
आणि सुप्रभा, माझी मुलगी.

ज्या मशीनला तो पासवर्ड होता
ते एकोणीसच्या पुरात पेढीसकट बुडालं.
की-बोर्डातून गाळ निघाला,
भंगारवाल्यानं किलोवर नेलं.
आत्ताच्याला कॅमेराच नाही.
हे सगळं मला ठाऊक होतं.
तरी मी मॉनिटरवर टॉवेल टाकला.

मालती गेल्यानंतरच्या काही रात्री होत्या.
त्या कुणाला सांगितल्या नाहीत,
इथंही सांगणार नाही.
त्यानं काहीच बघितलं नव्हतं.
पण बघण्यासारखं काहीतरी होतं, हे मला माहीत,
आणि त्याचा धंदा तेवढ्या भांडवलावर चालतो.

दिवसभर चेहरा पिवळा पडलेला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
मार्केट यार्डात हळदीच्या दिवसांत
सगळ्यांचेच पिवळे.

हरिपूरला वडील पेवं उघडायचे.
माती उकरून, तोंडावरची फरशी सरकवून
सकाळभर नुसते कडेला बसून राहायचे.
आधी वारा जाऊ दे आत, म्हणायचे.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
विझला तर अजून थांबायचं.
एक गडी घाई करून उतरला होता.
वर काढला तेव्हा
त्याच्या नखांत हळद होती.

दुसऱ्या दिवशी तोलाईच्या यासीन तांबोळीला सांगितलं,
त्याच्याकडे न बघता, काट्याकडे बघत.
त्यानं पोतं तसंच लटकत ठेवलं
आणि खिशातून मोबाइल काढला.
तेच पत्र. तेच आठ महिने,
स्वल्पविरामसुद्धा तिथंच चुकलेला.
फक्त पासवर्ड त्याच्या नातीच्या लाडक्या नावाचा.
बारा दिवस तो एकटाच वागवत होता.

बाजूला भूपाल चौगुले बशीतला चहा फुंकत होता.
फुंकताफुंकताच म्हणाला,
मी भरले. सत्तर हजार.
मग परत आला, परत भरले.

काटा हलायचा थांबला.
कुणी हसलं नाही.

सुप्रभा फोनवर म्हणाली,
बाबा, उत्तर देऊ नका, पैसे तर मुळीच नाही.
तो पासवर्ड अजून कुठे कुठे आहे?
कुठे कुठे!
बँक, गॅस, विजेचं बिल,
तुझ्या आईच्या दवाखान्याची फाइल.
बदला सगळीकडे, म्हणाली.
काय बघत होता, हे तिनं विचारलं नाही.

सोमवारी चौगुलेबरोबर सायबर पोलिसांकडे जायचंय.
तो एकटा गेला तर दारातून परत येईल.

अठ्ठेचाळीसावा तास भरला तेव्हा मी जागाच होतो.
या वयात असतोच.
एक मेल आला:
वीज कंपनीचा, पासवर्ड बदलल्याबद्दल.

टॉवेल काढला मॉनिटरवरून
आणि अंघोळीला गेलो.