स गळाल्यावर

सिव्हिल हॉस्पिटल, ठाणे. वाचा-उपचार, सहावी बैठक.
हिराजी नाखवा, वय एकोणसत्तर, राहणार चेंदणी कोळीवाडा,
खोपट डेपोतले निवृत्त वाहतूक नियंत्रक.
अठ्ठावीस वर्षं माइकवर :
ठाणे–जव्हार, फलाट क्रमांक चार.
आता मेंदूत डावीकडे गुठळी, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला.

मी आरसा धरते. म्हणा, स्टँड.
ठँड.
स्टूल.
ठूल.
स्टेशन.
बराच वेळ ओठांची जुळवाजुळव,
जिभेचं टोक दातांमागे हवेला वाट देऊ बघतं,
देता देता अडतं.
ठेसन.

फॉर्मवर रकाना आहे : चुका.
मी लिहिते, जोडाक्षरातला स गळतो,
मागे नुसता श्वास राहतो.

आणि पेन थबकतं, कारण फॉर्मच्या माथ्यावरच छापलंय
ठाणे.

शिलाहारांच्या ताम्रपटात हे गाव श्रीस्थानक.
मग धुणं बडवता बडवता, बैल हाकता हाकता
कुणीतरी श्री विसरलं, कुणी शेवटचा क गिळला,
स गेला, थ ची जीभ वळून टाळूला टेकली.
स्तंभातला स गेला तेव्हा
एकट्या पडलेल्या त ला धाप लागली,
तो थ झाला. थांब म्हणाला.
हस्त मात्र इतका वापरला गेला
की धापही उरली नाही. हात.

तेव्हा कुणी आरसा धरला नव्हता.
रकाना मात्र असणार.
एखाद्या पंडितानं नाक मुरडून भरलाच असेल :
अपभ्रंश. म्हणजे घसरून पडलेलं.

त्याच्याही फार आधी
कुठल्याशा गवताळ मुलखात, ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही,
बिथरल्या घोड्याला कुणी म्हणालं असेल
स्ता.
उभा राहा.
तो स विलायतेत टिकला, थंडीत टिकतात तसा,
आणि टोपी घालून इकडे परत आला :
स्टेट, स्टेशन, स्टँड.
खोपटला टोपल्या सावरत बायकांनी त्याला विचारलं,
यष्टी कवा हाय?

पुढचा शब्द, नाखवाकाका. पाणी.
पानी.
कोळी.
कोली.
मी पेन उचलते.
बाजूच्या खुर्चीतून चांगुणाबाई म्हणतात,
"यो चुकले नाय, बाय. आमचे घरान पानीच.
डेपोन लागले तवा वरीसभर आरसा घेऊन
तुमचा तो जड न घोटला व्हता त्यांनी."

म्हणजे हा त्यांचा दुसरा आरसा.

शेवटी शिकलेलं आधी गेलं.
इस्त्रीचा ण, साहेबांना चालणारा ळ, नेमणुकीचं पत्र हाती ठेवताना
बजावलेलं शुद्ध बोलणं,
सगळं एका पहाटे मोरीत पाय घसरावा तसं.
जे राहिलं ते जाळी विणताना आईनं दिलेलं.

आणि गावाचं नाव विचारलं तर म्हणतात, ठाना.
स्थानात न च होता की.
मध्ये हजारेक वर्षं ण.
आता या अर्ध्या वाकड्या तोंडात तो
कुणाला न विचारता घरी आलाय.
हा रकाना मी कशानं भरू?
माझी आई साताऱ्याची, ती माझ्या च ला हसते.

बैठक संपायला चार मिनिटं आहेत.
काका, घोषणा करा एक. जशी येईल तशी.

डाव्या हातानं ते आरशाची मूठ धरतात,
ओठांजवळ नेतात, काच धुरकटते.
घसा खाकरण्याची ती सरकारी पद्धत शाबूत आहे.

"ठाना... जव्हार...
फलाट... च्यार."

व्हरांड्यातल्या बाकावरून
कुणाच्या तरी एक्स-रेची वाट बघत बसलेली एक बाई
पिशवी उचलून उभी राहते,
दारातून डोकावते :
यष्टी लागली का?