मुकटीच्या पुढे

ऐंशीचा वेग आला की स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं,
डॅशबोर्डवर हिरवा दिवा उमटायचा
आणि माझा उजवा गुडघा
धुळ्यापर्यंत सुट्टीवर जायचा.
एवढ्यासाठीच ही सतरा वर्षांची गाडी
मी अजून विकली नव्हती.

मग एका गुरुवारी
मुकटी गेलं, फागणे यायचं होतं,
गाडीनं आपणहून हात सोडला.
धक्का नाही, आवाज नाही.
कविता म्हणता म्हणता एखादं पोर
मधल्याच ओळीवर गप्प होतं, तसं.
ऐंशी, शहात्तर, सत्तर.
पुन्हा बटण दाबलं, तर दिवा लागला,
जसं काही झालंच नव्हतं.

तेहतीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलंय.
वही केली.
तारीख, ऊन, एसी चालू का बंद,
चढ का उतार, टाकीत पेट्रोल किती.
नऊ नोंदींनंतर निष्कर्ष:
बिघाड फक्त गुरुवारी होतो.
मग आठवलं, हायवेला मी जातेच गुरुवारी,
फिजिओथेरपीला.
वही मिटली.

जहांगीर तडवीच्या गॅरेजात
गाडी कशी, अगदी गरीब गाय.
त्यानं फ्यूज काढून उजेडात धरला,
व्हॅक्यूमच्या नळीत फुंकर घातली, कान लावला,
वेगाचा सेन्सर रॉकेलनं पुसला.
स्टिअरिंगच्या पोटातल्या पट्टीवर त्याचा संशय होता,
पण ती खोलायची तर आठ हजार,
आणि एअरबॅग तोंडावर फुटली तर तोंड वेगळं.
"मॅडम, दुखत असेल तेव्हा आणा.
आत्ता दुखतच नाही, तर बोट कुठं ठेवू?"

दुखतं तेव्हा मी मुकटीच्या पुढे असते
आणि तू एरंडोलला, अंजनीच्या काठी.
हे मी मनात म्हटलं.

त्याच्याकडे लोटन नावाचा पोरगा आहे,
ओठावर नुकती लव,
पाने धुण्यापलीकडे त्याला कुणी काही विचारत नाही.
तो म्हणाला, मी मागून येतो, मोटरसायकलवर.

दिवस बुडताना निघालो.
ज्वारी कापलेली रानं, मधेच केळीचा हिरवा ठोकळा,
आरशात लोटनचा एक डोळा मिणमिणता.
फागण्याच्या अलीकडे गाडीनं हात सोडला.
मी कडेला घेतली.
तो धावतच आला,
"बाई, तुम्ही बिरेक दाबी राह्यनात का?"
नाही रे, पाय तर खाली आहे.
"मंग मागला लाल दिवा
लागी राह्यना, बुझी राह्यना!"

मोबाइलची बॅटरी दातात धरून
तो माझ्या पायांपाशी उताणा झाला.
पेडलच्या वर एक बारीक स्विच.
त्याची टोपी दाबून धरणारी प्लास्टिकची गुंडी
उन्हानं, वयानं पिठासारखी झालेली.
खड्डा आला की टोपी निसटे
आणि गाडी समजे, बाईंनी ब्रेक लावला.
तिनं कधीच चूक केली नव्हती.
मी थांबायला सांगत होते, ती थांबत होती.

निळसर चुरा त्यानं तळहातावर घेतला.
मी ओळखला.
सहा महिने तो पायपुसणीवरून
मी स्वतःच झटकत होते,
कुणाच्या तरी पेन्सिलीचं टोपण समजून.

शेजारचा ओजस तर आषाढातच म्हणाला होता,
"आजी, तुमची गाडी रात्री लाल डोळे करून जागी असते."
मी त्याला गोष्टीची पुस्तकं कमी वाच म्हटलं.
बॅटरी दोनदा बदलली.

लोटननं आपल्या चपलेच्या टाचेचा तुकडा कापला,
एका बोल्टवर चढवला, भोकात ठोकला.
"जळगावले नवा भेटस, पण हाऊबी चालस."
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, दोन खारी.

या गुरुवारी मुकटी गेलं.
हिरवा दिवा.
फागणे गेलं.
मागून एक ट्रक शांतपणे येत होता,
अंतर राखून, हॉर्न न वाजवता.

तेव्हा मला ते सगळे ट्रकवाले आठवले,
सहा महिने माझ्या पाठीशी कोकलणारे,
ज्यांना मी काचेआडून अडाणी म्हणत आले.

पाय कुठं ठेवावा कळेना.
शेवटी चपलेतून काढून
नुसताच ठेवला, गार पत्र्यावर.